खेळी करून बाहेर जाणारा माणूस

रॉस पिकरिंग पुन्हा उठला. खेळी केली, घड्याळाचं बटण दाबलं, समोरच्या कागदावर ती नोंदवली आणि खुर्ची मागे सरकवून दाराकडे चालू लागला. दादाराव खिल्लारेंनी पटाकडे बघायचं सोडून त्याच्या पाठीकडे बघितलं. जाडजूड लोकरी स्वेटर, किंचित वाकलेले खांदे, सत्तरी ओलांडलेल्या माणसाची सावकाश चाल. पण दार उघडताना मात्र घाई होती. बाहेरचा गार वारा एकदा आत आला आणि दार बंद झालं.

ऑस्ट्रेलियातलं टूवूंबा डोंगरावर वसलेलं असल्यामुळे जुलैत तिथे हाडं गोठवणारी थंडी असते. बोलिंग क्लबच्या मागच्या हॉलमध्ये एकच हीटर होता आणि तो नेमका पंचांच्या टेबलाजवळ होता. हेलन नावाच्या निवृत्त गणित शिक्षिका तिथे बसल्या होत्या. टेबलावर प्लॅस्टिकचा डबा होता आणि त्यात सगळ्या खेळाडूंचे फोन बंद करून ठेवले होते. रविवारची दुपार होती, दोन दिवसांच्या स्पर्धेची शेवटची फेरी. दादाराव आणि रॉस बरोबरीने पहिल्या क्रमांकावर होते. या डावात जो जिंकेल त्याची स्पर्धा.

स्पर्धा म्हणजे काही फार मोठी नव्हती. ट्रक चालवणारे, शिकवणारे, शेती करणारे, असेच हौशी लोक. चषक बघितला तर शाळेतल्या गॅदरिंगला मिळायचा तसा. पण दादारावांना तो हवा होता. औरंगाबादला वसतिगृहात असताना ते बुद्धिबळ शिकले. खोलीतल्या चौघांत मिळून एकच पट होता, हरवलेल्या हत्तीच्या जागी पेनचं टोपण असायचं. त्यानंतर नोकरी, लग्न, देश बदलणं, मुलीची, उर्वीची शाळा, यात पंचवीसेक वर्षं पट उघडला नाही. उर्वी दूर क्लेटनला युनिव्हर्सिटीत गेली, घर एकदम शांत झालं आणि ते गुरुवारी संध्याकाळी इथल्या क्लबात येऊ लागले. हॉस्पिटलात ते यंत्रं दुरुस्त करायचे: मॉनिटर, पंप, डायलिसिसची मशिनं. बिघाड शोधायची सवय हाडीमाशी खिळली होती. काही बिनसलं असेल तर ते सापडेपर्यंत चैन पडायचं नाही.

आणि आज काहीतरी बिनसलं होतं.

रॉस प्रत्येक खेळीनंतर बाहेर जात होता. सुरुवातीला दादारावांनी लक्ष दिलं नाही. म्हातारा माणूस आहे, टॉयलेटला जावं लागत असेल; तेही त्याच दाराबाहेर होतं. पण तो परत यायचा, बसायचा, पटावर एक नजर टाकायचा आणि लगेच चांगली खेळी करायचा. फार विचार नाही, कपाळाला हात नाही. आता तर त्याने घोडा पुढे आणायचा सोडून थेट मागच्या ओळीत नेऊन ठेवला होता. अशी माघारी जाणारी खेळी माणसाच्या मनाला सहसा सुचत नाही. ती यंत्राला सुचते. दादाराव जितका वेळ त्या घोड्याकडे बघत राहिले तितकं त्यांना पटत गेलं की ही खेळी अगदी अचूक आहे. त्यांचा सगळा हल्ला तिने बोथट केला होता.

टेबलाखाली त्यांचा पाय हलायला लागला. मागच्या वर्षी ब्रिस्बेनच्या स्पर्धेत असंच झालं होतं. समोरचा पोरगा सारखा टॉयलेटला जायचा. दादाराव हरले, त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करून आले, आणि पुढच्या फेरीत तो पोरगा टॉयलेटात फोन घेऊन बसलेला सापडला. त्याला काढून टाकलं, पण दादारावांचा डाव काही परत मिळाला नाही. त्यांची बायको सरिता तेव्हा म्हणाली होती, "अहो, शंका आली होती तर बोलायचं ना कुणाला तरी." शंका आली होती. बोलायचं धाडस झालं नव्हतं.

त्यांनी एक साधी खेळी केली, बटण दाबलं आणि उठून टॉयलेटकडे गेले. आत कुणीच नव्हतं.

मग तो जातो कुठे?

टॉयलेटच्या खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या होत्या. त्या फटीतून पार्किंग दिसत होतं. एका जुन्या पांढऱ्या गाडीच्या डाव्या खिडकीशी रॉस वाकून उभा होता. डोकं आणि एक हात गाडीच्या आत. मांडीवर किंवा सीटवर ठेवलेलं काहीतरी बघत असावा तसा. ओठ हलत होते. फोनवर बोलतोय, किंवा कुणीतरी आत बसून त्याला खेळ्या सांगतंय.

ते तडक हेलनकडे गेले. आवाज खाली ठेवायचा म्हणता म्हणता शब्द अडखळले. "रॉस गाडीशी जातो. प्रत्येक खेळीनंतर. मला वाटतं, तुम्ही एकदा बघावं."

हेलननी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुला नक्की असंच म्हणायचंय का, दादाराव?"

"मी काहीच म्हणत नाही. फक्त बघा."

त्या उठल्या, दोन्ही घड्याळं थांबवली, कोट चढवला आणि बाहेर गेल्या. दादाराव जागेवर येऊन बसले. शेजारच्या पटावरची माणसं मान वर करून बघायला लागली होती. हेलनना यायला बराच वेळ लागला, निदान त्यांना तसं वाटलं. त्या आल्या तेव्हा रॉस मागे होता आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"त्याची बायको आहे गाडीत," हेलन हळू म्हणाल्या. "मॉरीन. तिला आता फारसं काही आठवत नाही. रोज शेजारीण बसते तिच्याजवळ, काल होती. आज ती आजारी पडली."

"मॉरीनला आत आणलं असतं," रॉस म्हणाला, "पण ती मोठ्यांदा बोलते. सगळ्यांचा खेळ बिघडला असता. टॉयलेट सोडून खेळाडूने बाहेर कुठे जायचं नाही हा नियम मला माहीत आहे. सांगितलं असतं तर हेलनने मला खेळूच दिलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. चूक माझीच आहे." त्याने दादारावांकडे पाहिलंही नाही. पुढे होऊन त्याने आपल्या राजाला हात घातला. हार मान्य करताना राजा आडवा करतात, तसा.

"थांबा," दादाराव म्हणाले. इंग्रजीत सगळ्यांना नावाने हाक मारायची सवय त्यांना झाली होती, पण मनातल्या मनात मराठीत ते या माणसाला अहोजाहोच करायचे. "एक करता येईल. तुमची खेळी असेल तेव्हा मी मोकळाच असतो. मी जाऊन बसतो त्यांच्याजवळ. तुम्ही खेळी करून बाहेर या, मी आत येतो. म्हणजे त्या एकट्या राहणार नाहीत."

रॉसने राजावरचा हात काढला. हेलन बराच वेळ खिडकीतून गाडीकडे बघत राहिल्या. "तुमचे दोघांचेही फोन माझ्या डब्यात आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "दोघं कबूल असाल तर माझी हरकत नाही. ही काही जागतिक स्पर्धा नाही."

असा तो डाव पुढे सुरू झाला.

पहिल्यांदा दादाराव गाडीशी गेले तेव्हा त्यांना काय बोलावं तेच कळेना. मॉरीन डाव्या सीटवर बसल्या होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, गळ्यात मफलर, मांडीवर पर्स. दादाराव फिरून उजव्या बाजूने आत शिरले आणि स्टीअरिंगच्या मागे बसले.

"किती वेळ लावलात," मॉरीन म्हणाल्या.

"सॉरी. मी दादाराव. रॉससोबत खेळतोय."

"मीटर कुठे आहे?"

त्यांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. या देशातल्या अठरा वर्षांत हे काही पहिल्यांदा नव्हतं. हॉस्पिटलात पेशंट त्यांना चादर बदलायला सांगायचे, एकदा शॉपिंग सेंटरबाहेर एका माणसाने त्यांच्या हातात ट्रॉली दिली होती. तोंडाने नो वरीज म्हणायचं आणि पुढे जायचं, हे ते शिकले होते. या बाईंचा तर त्यात काहीच दोष नव्हता. तरीही काहीतरी टोचलंच.

"मी टॅक्सी ड्रायव्हर नाही," ते म्हणाले.

"मग स्टीअरिंगच्या मागे का बसलात?"

तेवढ्यात रॉस आला आणि त्यांची सुटका झाली.

आत येऊन पटाकडे बघितलं तर सगळं परकं वाटायला लागलं. मघाशी मनात जुळवलेला डाव पार विस्कटला होता. त्यांनी वजिरांची अदलाबदल केली, म्हणजे पट थोडा मोकळा होईल. पुन्हा बाहेर. पुन्हा मॉरीन म्हणाल्या, "किती वेळ लावलात." पुन्हा मीटर. या वेळी दादाराव म्हणाले, "मीटर बंद पडलाय." हे त्यांना पटलं. "हल्ली कुठलीच वस्तू टिकत नाही," त्या म्हणाल्या, आणि ओकी गावातल्या आपल्या घराचा रस्ता सांगायला लागल्या. डावीकडे वळा, धान्याची उंच कोठारं लागतील, मग रेल्वे फाटक. आवाज स्पष्ट, शिक्षिकेसारखा. दादाराव हं हं करत ऐकत होते आणि डोक्यात एक प्यादं पुढे सरकत होतं. ना धड इथे, ना धड तिथे.

आतबाहेर, आतबाहेर. हळूहळू पटावरच्या सोंगट्या कमी झाल्या. शेवटी दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, आणि दादारावांचं एक प्यादं जास्त होतं. नीट खेळलं तर हा डाव जिंकता येणार होता. ही खूणगाठ मनाशी बांधूनच ते पुन्हा गाडीत जाऊन बसले.

या वेळी रॉसला वेळ लागत होता. साहजिक होतं, अडचणीत होता तो. मॉरीन अस्वस्थ झाल्या होत्या. पर्सची चेन उघडत होत्या, बंद करत होत्या.

"चला आता. निघा."

"किल्ली रॉसकडे आहे."

"कोण रॉस?"

मॉरीननी त्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला न्यायचं नाहीये मला. मग तसं सांगा ना." आणि त्यांनी दार उघडलं आणि उतरल्या. दादारावांना पलीकडून उतरून वळसा घालेपर्यंत त्या फाटकाबाहेर पोचल्याही होत्या. चांगल्या झपाझप चालत होत्या. दादारावांनी हॉलकडे बघितलं. रॉसला सांगायला जावं तर ही बाई नजरेआड होणार. पुढे मोठा रस्ता होता आणि त्यावरून ट्रक जातात. हात खिशाकडे गेला. फोन डब्यात.

ते पळाले. कोपऱ्यावर बसस्टॉप होता, मॉरीन तिथल्या बाकावर जाऊन बसल्या. रविवारी त्या रस्त्याला बस नसते.

"चला, आपण परत जाऊ. रॉस वाट बघतोय."

"मी तुमच्यासोबत कुठेही येणार नाही."

त्यांनी हलकेच त्यांच्या कोपराला धरलं. मॉरीननी हात झटकला आणि ओरडल्या. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, हळू झाली आणि पुढे जाऊन थांबली. टोपी घातलेल्या एका माणसाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो दादारावांशी नाही, मॉरीनशी बोलला.

"सगळं ठीक आहे ना, बाई?"

"हा टॅक्सीवाला मला घरी नेत नाहीये. आणि आता हात ओढतोय."

दादारावांनी सांगायला सुरुवात केली: यांचे मिस्टर तिथे हॉलमध्ये चेस खेळताहेत, मी त्यांच्यासोबतच खेळतोय, यांना विसरायला होतं. बोलता बोलता त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. चेस खेळणारा माणूस इथे बसस्टॉपवर काय करतोय? त्या माणसाने गाडी बंद केली आणि खाली उतरला. त्याच्या हातात फोन होता.

"तुम्ही जाऊन यांच्या मिस्टरांना बोलवाल का? अगदी जवळच आहे."

"मी इथेच थांबतो," तो म्हणाला.

दादाराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि हात दिसतील असे मांडीवर ठेवले. दोघांच्या मधे हातभर जागा. तो माणूस समोर उभा. ट्रक गेला की बाक थरथरायचा. दादारावांचं हॉस्पिटलचं ओळखपत्र घरी टेबलावर पडलं होतं. ते असतं तर दाखवलं असतं, हा विचार आला आणि त्या विचाराचीच चीड आली.

रॉस येताना दिसला तेव्हा तो जवळजवळ पळतच होता. जवळ येताच मात्र सावकाश झाला. यूटवाल्याला त्याने नुसती मान हलवली आणि मॉरीनपुढे जाऊन उभा राहिला.

"इथे कुणी बसलंय का?" त्याने मधल्या जागेकडे बोट केलं.

"नाही, बसा ना," मॉरीन म्हणाल्या. मग त्यांनी त्याला टॅक्सीवाल्याची सगळी तक्रार सांगितली. रॉसने ती मन लावून ऐकली, मधे मधे "हो का?" म्हणाला. शेवटी म्हणाला, "मीही तिकडेच चाललोय. तिथे आत हीटर आहे. चहा मिळेल." त्या उठल्या आणि त्याच्या दंडाला धरून चालायला लागल्या.

यूटवाला गाडीत बसला. "ऑल गुड, मेट," तो रस्त्याकडे बघत म्हणाला आणि निघून गेला.

हॉलमध्ये रॉसने खेळी करून दादारावांचं घड्याळ सुरू केलेलं होतं. तो गाडीशी गेला, गाडी रिकामी बघून पळत सुटला, ते हेलनना खिडकीतून दिसलं आणि त्यांनी घड्याळ थांबवलं. दादारावांकडे थोडीच मिनिटं उरली होती. हेलननी मॉरीनना आपल्या शेजारी हीटरपाशी बसवलं, चहा दिला. मॉरीन मोठ्यांदा बोलत होत्या. कुणीही हरकत घेतली नाही.

बसताना रॉस म्हणाला, "बरोबरी?"

दादारावांना कळत होतं, हा माणूस आभार मानतोय. त्यांचं एक प्यादं जास्त होतं हे तोही बघत होता. बरोबरी केली असती तर दोघांनाही अर्धा अर्धा गुण, आणि घरी जाऊन गरम चहा. पण त्यांच्या अंगात काहीतरी उसळत होतं, आणि ते रॉसबद्दल नव्हतं. त्यांना आज काहीतरी स्वतःच्या हाताने नीट पुरं करायचं होतं.

"नको," ते म्हणाले. "खेळू."

रॉसने मान हलवली. घड्याळ सुरू झालं.

पहिल्या काही खेळ्या बरोबर पडल्या. कडेचं प्यादं पुढे सरकलं. मग यूटवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तो घालवायला म्हणून जणू त्यांनी राजा घाईने एक घर पुढे टाकला. बटण दाबलं आणि त्याच क्षणी दिसलं. राजा आणि हत्ती एकाच ओळीत आले होते.

रॉसलाही दिसलं. त्याने वर बघितलं नाही, उसासा टाकला नाही, वेळही काढला नाही. हत्ती कडेला नेऊन शह दिला. राजा बाजूला केला की मागचा हत्ती जाणार, आणि तो गेला. दादाराव आणखी थोडं खेळले. मग हार मानून हात पुढे केला.

"रॉस, मी तुमच्यावर संशय घेतला. ते बरोबर नव्हतं."

"मीही घेतला असता," रॉस म्हणाला. "तू बरोबरी घेतली असतीस तरी मला चाललं असतं. पण तू खेळलास." त्याने सोंगट्या खोक्यात भरायला सुरुवात केली. "आणि तिच्यापाशी बसलास."

"तो घोडा," दादारावांना राहवेना. "मागे नेलात तो. कसा सुचला?"

रॉस हसला. "मला तिकडे गाडीत जायची घाई होती, मेट. तिथे ठेवला तर निदान कुणी मारणार नाही, एवढंच बघितलं."

घरी सरिता भाकऱ्या करत होती. त्यांचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही. ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं, टॅक्सीचं, बसस्टॉपचं, त्या माणसाचं. ते सांगताना आवाज चढला, तशी तिने गॅस बारीक केला.

"पोलीस आले असते तर?"

"नाही ना आले."

"हं." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आणि त्या बाई? दुपारभर गाडीत होत्या ना? काही खाल्लं होतं का त्यांनी?"

दादारावांना ते माहीत नव्हतं. इतक्या वेळा जाऊन बसले, पण हे विचारायचं सुचलंच नव्हतं. रात्री पाठ टेकली तरी पट डोळ्यांपुढे येत होता, मग बाक, मग पट. राजा तिथे ठेवायला नको होता. हात धरायला नको होता. सरिता कुशीवर वळली आणि म्हणाली, "त्यांना फोन करा उद्या. नाहीतर तुम्ही मलाही झोपू देणार नाही."

त्यांच्याकडे रॉसचा नंबर नव्हता. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हेलनकडून तो मागून घेतला, आणि दोनदा लावून कट केला. तिसऱ्यांदा रॉसने उचलला.

पुढच्या शनिवारी ते आणि सरिता ओकीला गेले. वाटेत खरोखरच धान्याची कोठारं लागली, आणि मग रेल्वे फाटक. मॉरीननी दोघांपैकी कुणालाच ओळखलं नाही, पण सरिताच्या शालीचा काठ हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी सरिताने ती काढून त्यांच्या खांद्यावर टाकली. रॉसने व्हरांड्यात पट मांडून ठेवला होता. दादारावांनी काळ्या सोंगट्या घेतल्या.

खेळ सुरू झाला. आत सरिता आणि मॉरीन बोलत होत्या, कशाबद्दल ते ऐकू येत नव्हतं. मधेच खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रॉसने मान वर केली, दादारावांनीही केली. दोघं दाराकडे बघत राहिले. पाण्याचा नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा खुर्ची सरकली.

"खेळी तुझी आहे," रॉस म्हणाला.